अकरावी खाच

वेर्ण्याच्या ऑफिसात आमच्याकडे सहाच शब्द होते:
चालणं, धावणं, जिना चढणं, जिना उतरणं,
बसून राहणं, गाडीत असणं.
माणसाचं सगळं हलणं या सहांत कोंबायचं
आणि खिशातल्या फोननं ते न बघता ओळखायचं.

बसत होतं बहुतेकांचं.
इनास रेंदेराचं बसेना.

असोळण्यात, त्याच्या वाड्यावर,
दुसरा मजला असा कुणाच्याच घराला नाही.
तरी त्याचा फोन रोज तिन्हीसांजेला अभिनंदन करायचा:
आज आपण एकशे आठ मजले चढलात.
नऊ माड, दिवसातून तीनदा.
इनास दुदिणं कमरेचं सोडत हसायचा,
"मगो तुज्या कंपनीक सांग, हांगा लिफ्ट घाल म्हण."

म्हणून मला पाठवलं, त्याचा एकट्याचा नमुना घ्यायला.
यंत्राला आधी सगळ्यांची चाल शिकवतात,
हजारभर अनोळखी पायांची सरासरी,
मग थोडं थोडं एकाच्या अंगाकडे वळवतात,
शिंपी तयार सदरा खांद्यात उसवून घेतो तसं.

मी म्हटलं, वर जे करता
ते इथं अंगणात दहा वेळा करून दाखवा.
त्यानं काती धरली, डाव्या मुठीत नसलेली पोय धरली,
आणि थांबला.
पुन्हा धरली. पुन्हा थांबला.
खाली पाहून म्हणाला,
जमिनीवर हे हात येत नाहीत मला.

मग फोन त्याच्या अर्ध्या पँटीच्या खिशात, सुतळीनं आवळून,
आणि मी खाली चिऱ्यांच्या गडग्यावर,
मांडीवर लॅपटॉप, पायावर उंबील,
सुरेच्या वासानं झिंगलेल्या दोन मधमाश्या पडद्यावर.
एकेक खाच, एकेक शिखर. आलेख छान चढत होता.
फक्त विहिरीकडच्या माडावर,
दहाव्या खाचेनंतर, दीड सेकंद काहीच नाही,
आणि मग कमरेतून एक मोठा तिरका हिसका.
सकाळी, दुपारी, संध्याकाळी.
आठवडाभर.

मी तो गोंगाट समजून पुसला.
तर त्या माडावर फोन इनासलाच ओळखेना.
परत ठेवला. ओळखलं.

विचारलं तेव्हा तो काती पाजळत होता.
"तो माड पायन खाचयला," म्हणाला.
मी त्याच्या पायांकडे बघितलं.
तो ओरडला, पाय न्हय गे, पाय! बापूय म्हजो!
बाप ताडमाड होता. आपल्या ढांगेनं खाचा पाडून गेला.
मुलगा आईवर गेला, बुटका.
चाळीस वर्षं त्याच एका ठिकाणी
श्वास गोळा करून तो बापाच्या मापाला पोचतो.

मधे एक खाच पाडायची होती की.
"माडाक किते मारतलो?" म्हणाला,
आणि गुडघा चोळत, जरा वेळानं,
आता मांडीच तशी झालीय.

ज्याच्यावर बेतलं तो माणूस गेला
आणि बेतलेलं तसंच उभं, वाऱ्यात हलत.
मी घरी जाताना हे गाडीत कुणाला तरी सांगणार होते,
पण गाडीत मी एकटीच.
इनासचा फोन चुकून माझ्याच पर्समध्ये राहिला होता.
बोरीच्या पुलावर तो थरथरला:
आज आपली चाल वेगळी वाटते. आपण बरे आहात ना?

त्याच्या फोनमध्ये आता सातवा शब्द आहे, माड.
जगात दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही.

पावसानंतर परत गेले तर झारखंडचा सुकरा हाताखाली आलेला,
इनासपेक्षाही वीतभर कमी.
त्याच्यासाठी इनासनं अखेर कोयता उचलला होता,
दहावी आणि अकरावीच्या मधे
एक ताजी, पांढरट खाच.

सुकरा चढला. दहावीवर पोचला
आणि थांबला. दीड सेकंद.
मग ताजी खाच वगळून
कमरेतून तिरका हिसका देऊन वर.
तीन महिने खालून बघून शिकलेला पोर.

"आरे, ती तुज्याखातीर!" इनास खालून बोंबलला.
वरून काती पोयीवर आपटल्याचा आवाज आला, टक टक.
सुकराचा नमुना मी अजून घेतलेला नाही.